आडवाटेवरची मोटार : गिअर हातानें बदलावा कीं आपोआप बदलूं द्यावा ?

डांबरी सडक जेथें संपते, तेथें मोटार हांकणाराची खरी परीक्षा सुरू होते. शेताकडे जाणारी बैलगाडीची वाट, पावसानें खणून काढलेली डोंगरउतरण, ओढ्याचें दगडगोट्यांनीं भरलेलें पात्र, चिखलानें भरलेली चाकोरी, अशा ठिकाणीं मोटार नेण्यास इंग्रजींत 'ऑफ-रोड' जाणें म्हणतात. आपण त्यास आडवाटेचा प्रवास म्हणूं. चारही चाकांस जोर पुरविणारी, आडवाटेस योग्य अशी मोटार घेण्याचें घरांत ठरलें, कीं एक प्रश्न हमखास निघतो : गाडी मॅन्युअल घ्यावी कीं ऑटोमॅटिक ? वडील म्हणतात, गिअर आपल्या हातीं असावा. मुलें म्हणतात, आतां यंत्र तें काम आपल्याहून चांगलें करितें. दोघांचेंही म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. तें कोणत्या अंशीं, हें या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम माझा स्वतःचा एक अनुभव सांगतों. मी नुकताच गाडी शिकलों होतों, तेव्हां माझ्या मामांनीं आपली जुनी जीप शेतावरच्या चढावर चालविण्यास मला दिली. चढ अर्धा झाला आणि एंजिन गुदमरून बंद पडलें. मी घाबरलों, आणि घाबरलेला नवशिका जें करितो तेंच मीं केलें : क्लच दाबून धरिला, व ब्रेक पुरता दाबला नाहीं. गाडी मागें घसरूं लागली. "अरे, क्लच सोड ! पाय काढ त्याच्यावरचा !" असें मामा ओरडले, पण माझा पाय जणूं तेथेंच चिकटला होता. वीसएक फूट मागें जाऊन मागचें चाक बांधास टेकलें, म्हणून आम्ही वांचलों. मामा तेथें मला एक शब्दही बोलले नाहींत. संध्याकाळीं ओटीवर बसल्यावर ते एवढेंच म्हणाले, "बाळ, क्लच दाबलास म्हणजे एंजिनाचा हात तूं सोडलास. चढावर हात सोडावयाचा नसतो." हें वाक्य नीट समजलें, म्हणजे आजचा विषय निम्मा समजला.

गिअर कशासाठीं ?

सायकलवरून सपाट रस्त्यानें जातांना आपण सहज वेग घेतों. पण चढ लागला कीं पायडल जड होतें. ज्या सायकलला गिअर असतात तिचा स्वार अशा वेळीं सांखळी दुसऱ्या चक्रावर घेतो. मग पाय अधिक वेळां फिरवावे लागतात, चाक कमी फिरतें, परंतु प्रत्येक फेऱ्यामागें चाकास मिळणारा जोर वाढतो. वेग द्यावा आणि जोर घ्यावा, असा हा व्यवहार आहे. मोटारींतही हाच व्यवहार चालतो. एंजिन मिनिटास हजारों फेरे करितें. खडकावर चढणाऱ्या चाकास फेरे थोडे आणि जोर पुष्कळ लागतो.

आडवाटेच्या गाडींत नेहमींच्या गिअरांशिवाय आणखी एक दांड्यांची पेटी असते. तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. ती पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांस जोर वांटून देते, आणि 'लो-रेंज' ही जोड लाविली म्हणजे सगळेच गिअर अधिक संथ व अधिक जोरदार होतात. दुसऱ्या महायुद्धांतील विलीज जीपला पुढें जाण्याचे गिअर अवघे तीनच होते. परंतु या दुसऱ्या पेटीमुळें तिला त्यांची दोन वेगळीं मापें मिळत, आणि म्हणूनच ती लहानशी गाडी चिखलांतून व डोंगरांतून चालली.

आतां थोडें गणित करूं. जीप रँग्लर रुबिकॉन या अमेरिकन गाडीच्या २०१८ सालापासूनच्या पिढींत मॅन्युअलचा पहिला गिअर ५.१३ पट, लो-रेंज ४ पट आणि आंसाचा गिअर ४.१० पट आहे. तिघांचा गुणाकार सुमारें ८४ येतो. म्हणजे एंजिनाचे ८४ फेरे झाले कीं चाकाचा एक फेरा होतो. एंजिन मिनिटास २,००० फेरे करीत असेल, तर चाक मिनिटास सुमारें २४ वेळां फिरेल. चाकाचा परीघ अडीच मीटरांहून किंचित् अधिक धरिला, तर गाडी मिनिटास साठएक मीटर, म्हणजे तासास पावणेचार किलोमीटरांच्या आसपास जाईल. माणूस चालतो त्याहूनही हा वेग कमी आहे. आडवाटेवर शहाणपण याच वेगांत असतें.

दोन पद्धतींतील भेद

मॅन्युअल गाडींत एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्यें क्लच असतो. त्याची तबकडी एंजिनाच्या जड चक्रावर स्प्रिंगांच्या दाबानें घट्ट बसलेली असते. पायानें क्लच दाबला कीं ती सुटते. सोडला कीं पुन्हां बसते. बसली म्हणजे एंजिन व चाकें एकमेकांशीं अगदीं बांधलीं जातात. म्हणून चाक अडलें तर एंजिनही अडतें व बंद पडतें. आणि उलट, उतारावर चाक धांवूं लागलें तर एंजिन त्यास मागें ओढून धरितें.

खऱ्या ऑटोमॅटिक गाडींत क्लचच्या जागीं तेलानें भरलेलें एक बंद भांडें असतें. त्यास टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. त्याचें तत्त्व समजण्यासाठीं विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसरा बंद असूनही त्याच्या वाऱ्यानें फिरूं लागेल. येथें वाऱ्याऐवजीं तेल आहे. एंजिन एक पंखा फिरवितें, त्यानें फेंकलेलें तेल दुसऱ्या पंख्यावर आदळतें, आणि तो पंखा गिअरबॉक्सला फिरवितो. मधला एक तिसरा पंखा परतणारें तेल योग्य दिशेस वळवितो, त्यामुळें गाडी निघतेवेळीं एंजिनाचा जोर साधारण दुप्पट होऊन पुढें जातो. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं पेटंट करून घेतली, आणि तीही मोटारीसाठीं नव्हे, जहाजांसाठीं. पुढें अमेरिकेंत १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाडींत हायड्रामॅटिक हा आपोआप गिअर बदलणारा संच आला, व १९४८ च्या ब्यूइक गाडींत टॉर्क कन्व्हर्टर आला.

तेलाची ही गांठ ढिली असते, हें ध्यानांत ठेवावें. चाक अडलें तरी तेल घसरत राहतें आणि एंजिन बंद पडत नाहीं. हा तिचा गुण. परंतु उतारावर हेंच तेल घसरल्यामुळें एंजिनाची पकडही कांहींशी सैल पडते. हा तिचा दोष. पुढील सर्व विवेचन या दोन वाक्यांचाच विस्तार आहे.

येथें पालकांस एक सूचना करावीशी वाटते. दुकानांत 'ऑटोमॅटिक' म्हणून दाखविल्या जाणाऱ्या सगळ्याच गाड्या या प्रकारच्या नसतात. 'एएमटी' म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. त्यांतील क्लच व गिअर माणसाऐवजीं यंत्र हालवितें एवढेंच. खडकाळ चढावर पुनः पुनः अर्धवट सुटणारा क्लच जसा माणसाच्या हातून जळतो, तसाच तो यंत्राच्या हातूनही जळतो. म्हणून गाडी ऑटोमॅटिक आहे एवढ्यावर न थांबतां, ती कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हें विचारून घ्यावें.

वाटेवाटेचा विचार

*खडक.* मोठमोठ्या दगडांवरून जातांना चाक इंचाइंचानें वर चढावें लागतें व तितक्याच हळू खालीं उतरावें लागतें. येथें ऑटोमॅटिक सरस ठरते. ब्रेक थोडा दाबून ठेवावा, ॲक्सिलरेटर हळूच वाढवावा. तेल चाकावर जोर सांठवीत जातें आणि दगड ओलांडतांच ब्रेकनें गाडी तेथल्या तेथें रोखतां येते. एंजिन बंद पडण्याची भीति नाहीं. वर सांगितलेल्या रँग्लरच्याच ऑटोमॅटिकचा गुणाकार ८४ ऐवजीं सुमारें ७७ येतो. पण कन्व्हर्टरची दुप्पट त्यांत मिळविली म्हणजे जोराची उणीव राहात नाहीं. मॅन्युअल गाडीनेंही खडक चढतां येतो, परंतु लो-रेंजचा पहिला गिअर घालून क्लचवरचा पाय पूर्ण काढावा लागतो. 'अर्धा क्लच' ठेवून दगड चढणारा मनुष्य तासाभरांत क्लच जाळून बसतो.

*चढ.* नीट चढत असलेल्या गाडीविषयीं सांगण्यासारखें फार नाहीं. चढण्यापूर्वींच योग्य गिअर निवडावा. मध्येंच मॅन्युअलचा गिअर बदलूं गेल्यास तेवढा क्षण एंजिनाचा हात सुटतो आणि गाडीचा जोम मरतो. ऑटोमॅटिकचा गिअर बदलतांना जोर फारसा तुटत नाहीं, हा तिचा लाभ आहे.

खरा प्रश्न येतो तो चढ चढून न झाल्यास. माझी चूक येथेंच झाली होती. मॅन्युअल गाडी चढावर बंद पडली तर प्रथम पायाचा ब्रेक घट्ट दाबावा व हातब्रेकही ओढावा. मग क्लच दाबून लो-रेंजमध्येंच मागचा गिअर घालावा, एंजिन सुरू करावें, आणि क्लच पूर्णपणें सोडावा. एंजिनानें चाकें धरिलीं आहेत अशी खात्री झाल्यावरच ब्रेक हळूहळू सैल करून सरळ रेषेंत मागें उतरावें. स्टीअरिंग वळवूं नये. कारण उतारास आडवी झालेली गाडी उलटते. गिअर काढून किंवा क्लच दाबून मागें घसरत येणें यासारखा दुसरा धोका नाहीं.

ऑटोमॅटिक गाडींत हेंच काम सोपें होतें. ब्रेक दाबावा, दांडा 'आर' वर घ्यावा, आणि ब्रेक हळूहळू सोडीत मागें यावें. तीन हालचालींचें काम दोन हालचालींत होतें, आणि घाबरलेल्या मनास तेवढा फरकही पुष्कळ असतो. दांडा मात्र 'एन' वर जाऊं देऊं नये. ऑटोमॅटिकमध्येंही 'एन' म्हणजे एंजिनाचा हात सोडणेंच होय.

*उतार.* सैल मुरमाच्या लांब उतारावर मॅन्युअल गाडी अधिक भरंवशाची वाटते. लो-रेंजचा पहिला गिअर घालावा आणि दोन्ही पाय मोकळे ठेवावे. एंजिनच गाडी धरून खालीं नेतें. ब्रेक जोरानें दाबल्यास चाकें अडकून गाडी घसरते. पण एंजिनाची पकड सर्व चाकांवर संथपणें पडते. ऑटोमॅटिक गाडी 'डी' वरच ठेविली तर वेग वाढतांच ती वरचा गिअर घेते आणि पकड आणखी सैल होते. म्हणून उतारापूर्वीं दांडा हातानें पहिल्या गिअरवर आणून ठेवावा. नव्या गाड्यांत चाकांचे ब्रेक निरनिराळे दाबून वेग आवरणारी योजनाही असते. ती उपयोगी आहे. परंतु तिचा सारा भार ब्रेकांवर पडतो, हें विसरूं नये.

*वाळू व चिखल.* येथें जोराहून सातत्याला महत्त्व आहे. वाळूंत गाडीची गति क्षणभर तुटली तरी चाकें रुततात. मॅन्युअलचा गिअर बदलतांना नेमकी तीच गति तुटते; म्हणून वाळूंत ऑटोमॅटिक बहुधा पुढें राहते. तथापि येथें गिअरपेक्षां टायरांतील हवा अधिक काम करिते. हवा कमी केली म्हणजे टायर पसरतो आणि उंटाच्या पायाप्रमाणें वाळूवर तरतो. पक्क्या रस्त्यावर परततांच ती पुन्हां भरावयास मात्र चुकूं नये.

*पाणी.* पाण्यांत शिरण्यापूर्वीं गिअर निवडावा आणि पलीकडे जाईपर्यंत तोच ठेवावा. मॅन्युअल गाडींत पाण्यांत असतांना क्लच दाबूं नये. तबकडी सुटतांच तिच्यावर पाणी जाऊन ती घसरूं शकते. ऑटोमॅटिकचा खालचा गिअर हातानें धरून ठेवावा. नाशिक येथें तयार होणाऱ्या महिंद्र थार गाडीच्या २०२० सालच्या पिढीस कंपनीनें ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा सांगितली आहे. परंतु ती मर्यादा ऐकून पुराच्या ओढ्यांत कोणीं गाडी घालूं नये. वाहतें पाणी गाडीस उचलूं पाहतें. सुमारें ६० सेंटीमीटर खोल वेगवान् प्रवाह बहुतेक मोटारी वाहून नेऊं शकतो. पुलावरून पाणी जात असतां गाडी थांबविणें हेंच कौशल्य होय, मग तिचा गिअर कोणताही असो.

दुरुस्ती आणि उष्णता

दोन्ही पद्धतींस उष्णता हा समाईक शत्रु आहे. मॅन्युअलमध्यें क्लच जळतो. त्याचा करपट वास लगेच येतो, म्हणून चूक तेव्हांच कळते. ऑटोमॅटिकमध्यें घुसळलें जाणारें तेल तापतें. त्याची सूचना नाकाला क्वचितच आणि दिव्यानेंच बहुधा मिळते. तो दिवा लागला तर उतरून गाडी थंड होऊं द्यावी. क्लच बदलणें खर्चाचें असलें तरी लहान गांवचा मिस्त्रीही तें काम जाणतो. ऑटोमॅटिक संच उघडणारा कारागीर मात्र शहरांतच शोधावा लागतो. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी बहुधा ढकलून किंवा उतारावर सोडून सुरू करितां येते. ऑटोमॅटिक तशी सुरू होत नाहीं. एकट्यानें दूर रानांत जाणाऱ्यास हा भेद लहान नाहीं.

मग निवड कशी करावी ?

काळाचा कल ऑटोमॅटिककडे आहे, यांत शंका नाहीं. १९८५ सालीं आलेली व आपल्या सैन्यानें वर्षानुवर्षें वापरलेली मारुती जिप्सी केवळ मॅन्युअलच होती. २०२० सालची थार दोन्ही प्रकारांत निघाली, आणि २०२३ सालीं आलेली मारुती जिम्नीही तशीच निघाली. इंग्लंडच्या लँड रोव्हर डिफेंडर गाडीनें तर २०२० च्या नव्या पिढींत मॅन्युअल गिअर अजिबात सोडून दिला. तरीही काळाचा कल म्हणजे आपल्या घरचा निर्णय नव्हे.

ज्या घरीं गाडी अनेक जण चालविणार आहेत, कोणाचा गुडघा दुखरा आहे, शहरांतील गर्दी रोजची आहे, व आडवाट महिन्यांतून एकदां, दगडांची आणि जवळची आहे, त्यांनीं लो-रेंज असलेली खरी ऑटोमॅटिक घ्यावी. नवशिक्यासही चढावर तीच अधिक क्षमा करिते. ज्याची वाट रोज घाटउतरणीची आहे, कारागीर दूर आहे, खर्च मोजका आहे, आणि ज्याचे हातपाय क्लचशीं मुरलेले आहेत, त्यानें मॅन्युअल घ्यावी. आणि दोन्ही घरांनीं एक गोष्ट सारखीच ओळखावी : लो-रेंज नसलेल्या मॅन्युअलपेक्षां लो-रेंज असलेली ऑटोमॅटिक आडवाटेस बरी, आणि गुळगुळीत झालेल्या टायरांवर दोन्ही सारख्याच निरुपयोगी.

माझ्यापुरतें विचाराल, तर शिकावें मॅन्युअलवर, मग चालवावी कोणतीही. क्लच ज्याला समजला त्याला गाडीचें वजन, चढाची ओढ व एंजिनाचा श्वास हीं पायाच्या तळव्यास समजतात. आणि तें ज्ञान ऑटोमॅटिकमध्यें बसल्यावरही सोडून जात नाहीं. ऑटोमॅटिक गाडी हात मोकळा करिते, पण पुढें वाट कोणती धरावी हें ती सांगत नाहीं. आडवाटेचा जुना नियम असा आहे कीं, शंका आली तर खालीं उतरावें आणि पायांनीं चालून वाट पाहून यावी. हा नियम कोणत्याही गिअरबॉक्समध्यें बसवून मिळत नाहीं.

शेवटीं दोन शब्द कर्तव्याचे. अठरा वर्षें पूर्ण होऊन परवाना मिळाल्याशिवाय मोटारीच्या चाकाशीं बसूं नये. शेतांतही बसूं नये, कारण बांध सर्वांनाच वांचवीत नाहीं. आणि गाडी जाऊं शकते म्हणून ती तेथें न्यावी असेंही नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासच्या वाळूंत समुद्रकांसवें अंडीं घालितात. कासच्या पठारावर मातीच्या पातळ थरांत फुलें उगवतात. तेथें गाडी न नेणें हाच चालकाचा मोठेपणा.

माझे मामा आज नाहींत. त्यांची जीपही कधींच भंगारांत गेली. पण चढावर गाडी थांबली, कीं मला अजून त्यांचा ओरडा ऐकूं येतो, आणि माझा डावा पाय आपोआप क्लचवरून उठतो. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गाडीस क्लच असो वा नसो, एंजिनाचा हात सोडूं नका.